पॅरिस कराराला दहा वर्षं होतायत, पुढचा करार कधी आणि कसला?

रानवारा | २४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:१०

बेलेमची हवामान परिषद आटोपली. ब्राझीलमध्ये, अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी, जगभरचे देश दोन आठवडे बसले होते आणि शेवटी जो मसुदा मंजूर झाला त्यात कोळसा, तेल, गॅस यांचं नावच नाही. ऐंशीच्या वर देश म्हणत होते की खनिज इंधनातून बाहेर कसं पडायचं त्याचा निदान आराखडा तरी लिहा. तेल विकणाऱ्या देशांनी तो येऊ दिला नाही. अमेरिकेनं तर अधिकृत शिष्टमंडळच पाठवलं नव्हतं. हवामानाशी जुळवून घ्यायला गरीब देशांना मिळणारा पैसा तिप्पट करायचं ठरलंय, पण ते २०३५ पर्यंत.

१२ डिसेंबरला पॅरिस कराराला दहा वर्षं पूर्ण होतील. तेव्हा ठरलं होतं की कारखानदारी वाढण्याआधीच्या काळाच्या तुलनेत जगाची तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशाच्या आत राहायचा प्रयत्न करायचा. २०२४ हे अख्खं वर्ष दीड अंशाच्या वर गेलं. एका वर्षानं करार मोडला असं होत नाही, सरासरी वीसेक वर्षांची धरतात, पण आपण कुठे चाललोय ते दिसतंच आहे.

मला घाई का वाटते ते सांगतो. इतर बरीच प्रदूषणं अशी असतात की थांबवलं की काही दिवसांत कमी होतात. कार्बन डायॉक्साइडचं तसं नाही, तो साचतो, आज सोडलेल्यातला मोठा हिस्सा शेकडो वर्षं हवेत राहतो. म्हणजे वर्षाला किती सोडतो यापेक्षा आजवर एकूण किती सोडला हे महत्त्वाचं. आयपीसीसीनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीनं, २०२० च्या सुरुवातीपासून हिशोब मांडला होता, की दीड अंशाची निम्मी तरी शक्यता ठेवायची तर जगाकडे ५०० अब्ज टन शिल्लक आहेत. दरवर्षी आपण सोडतो ४० अब्ज टनांच्या वर. ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट या शास्त्रज्ञांच्या गटाचा या महिन्यातला अंदाज आहे की आता १७० उरलेत. चार वर्षं. सावकाराच्या कर्जासारखं आहे हे, हप्ता जितका लांबवाल तितका पुढचा हप्ता मोठा होत जातो आणि तो आपली पोरं भरणार.

तर प्रश्न असा: पॅरिससारखा 'ज्याने त्याने आपापलं ठरवा' छापाचा करार पुरे आहे का? की आता सगळ्यांना बांधणारा नवा करार व्हायला हवा, आणि तसा झाला तर भारतानं त्यावर सही करावी का?

तिरकीट | सकाळी ९:२६

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

नदीकाठ | सकाळी ९:५८

सही अजिबात करू नये, निदान पैसे टेबलावर आल्याशिवाय तरी नाही.

आजवर हवेत जो कार्बन साचलाय त्यात साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. आजही तिथला माणूस वर्षाला १४ टनांच्या आसपास सोडतो, चीनचा आठ-नऊ, आपला दोन. दोन टनवाल्याला चौदा टनवाला सांगतो की बाबा रे सांभाळून वाग.

आणि पैशाचं काय झालं ते आठवा. २००९ ला कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी गरीब देशांना वचन दिलं, २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर. ते पुरं झालं २०२२ ला, दोन वर्षं उशिरा, आणि त्यातही मोठा भाग कर्ज. मागच्या वर्षी बाकूच्या परिषदेत विकसनशील देशांनी मागितले वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर, हातात पडलं ३०० अब्जांचं आश्वासन, तेही २०३५ पर्यंत गाठायचं. भारताच्या प्रतिनिधीनं तिथल्या तिथे आक्षेप घेतला, पण तोवर अध्यक्षांनी हातोडा आपटला होता. मला त्या बाईंचा अभिमान वाटला.

लेदमशीन | सकाळी ११:४०

नदीकाठ भाऊ, तुमचं तत्त्व बरोबर आहे पण तुम्ही सही करा नाहीतर नका करू, बिल यायला लागलंय. आमचं भोसरीत नटबोल्टचं वर्कशॉप आहे, माल जर्मनीला जातो. ऑक्टोबर २०२३ पासून गिऱ्हाईक दर तीन महिन्यांनी तक्ता मागतं. वायर रॉड कुठल्या कारखान्याचा, तो ब्लास्ट फर्नेसचा की इंडक्शनचा, हीट ट्रीटमेंटला किती गॅस, किती युनिट वीज. हे युरोपचं सीबॅम. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत असल्या मालावर सीमेवर कार्बनचा आकार लावायचा. आत्तापर्यंत नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या मालावर पैसे लागू. वर्षाला ५० टनांच्या आत आयात करणाऱ्याला सूट दिलीय पण आमचं गिऱ्हाईक मोठं आहे, त्याला नाही.

आता यात गंमत बघा, हा पैसा जाणार युरोपच्या तिजोरीत. जगाचा एक करार असता, कार्बनची किंमत सगळ्यांनी मिळून ठरवली असती, तर निदान तो पैसा आपल्याच देशात गोळा झाला असता आणि त्यातून इथल्या भट्ट्या सुधारल्या असत्या. करार नाही म्हणून ज्याच्या हातात बाजार आहे तो एकटाच नियम लिहितोय. म्हणून मला करार पाहिजे, आणि तो लवकर पाहिजे.

म्युनिककर | दुपारी १२:१५

लेदमशीन यांना अनुमोदन. बेलेममध्ये भारत आणि चीननं हा व्यापाराचा मुद्दा लावून धरला होता आणि त्यावर पुढे संवाद ठेवायचं ठरलंय, ही मला चांगली गोष्ट वाटते.

नदीकाठ, एक सांगावंसं वाटतं, 'श्रीमंत देश' असा एकच गठ्ठा नाहीये. मी इथे बरीच वर्षं राहते. जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, जर्मनीत १८० हून जास्त माणसं गेली. इतक्या श्रीमंत देशात. त्यानंतर इथल्या गावागावांत लोक या विषयावर वेगळं बोलायला लागले. आणि तरीही निवडणूक आली की पेट्रोलचा भाव, घर तापवायचा खर्च, हेच पुढे येतं. म्हणजे इच्छा आहे, पण शेजारचा करत नाही मग आपणच का, ही भावना इथेही तितकीच आहे. ती फक्त करारानंच मोडेल.

काजूगर | दुपारी १:०२

आमच्याकडे या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. २६ मे ला मुंबईत मान्सून जाहीर झाला, इतक्या लवकर कधी झाला नव्हता, आणि आमच्याकडे रत्नागिरीत तर त्याच्याही आधीपासून धो धो. झाडावर शेवटचा आंबा होता तो काढताच आला नाही. आणि गेला कधी? ऑक्टोबरच्या अखेरीला भात कापून ठेवलं होतं ते भिजलं, लोंबीला कोंब आले. आता कलमांना मोहोर यायची वेळ, जमीन अजून ओली, त्यामुळे मोहोराऐवजी पालवीच फुटतेय. थंडी पडून मोहोर आला आणि पुन्हा जोराची थंडी पडली की पुनर्मोहोर येतो, मग पहिल्या मोहोराची वाटाण्याएवढी झालेली फळं गळून जातात. त्यात तुडतुडे, थ्रिप्स. फवारण्या वाढत चालल्यात आणि पेट्या कमी होत चालल्यात.

फळपीक विमा आहे, पण भरपाई द्यायची की नाही ते ठरतं मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर. केंद्र असतं खाली सपाटीला, बाग असते डोंगराच्या अंगाला.

तुमच्या सगळ्या चर्चेत मला एवढंच विचारायचंय की करारात माझ्यासारख्याला काय आहे? उत्सर्जन कमी करा वगैरे ठीक. माझ्या बागेचं नुकसान झालं ते कुणाच्या खात्यावर?

पाणंद | दुपारी १:३०

काजूगर दादा, यंदा पेटी बुक करणार आहे हं, मोहोर येवो न येवो. आगाऊ पैसे पाठवते.

(अवांतराबद्दल क्षमस्व. पण प्रश्न जबरदस्त आहे, जाणकारांनी उत्तर द्यावं.)

रानवारा | दुपारी २:२०

काजूगर, त्यासाठी एक निधी आहे. २०२२ ला इजिप्तमध्ये शर्म अल शेखला ठरला, 'हानी आणि नुकसान' निधी. लहान बेटांचे देश तीस वर्षं तो मागत होते. झालं काय, की आजवर सगळ्या देशांनी मिळून दिलेली वचनं एक अब्ज डॉलरच्याही खाली आहेत. बेलेममध्ये त्यांनी पहिल्यांदा अर्ज मागवले, २५ कोटी डॉलरसाठी. म्हणजे साधारण २२०० कोटी रुपये. जगभरच्या सगळ्या गरीब देशांसाठी मिळून.

आता सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात काय झालं ते आठवा. धाराशिव, बीड, तिकडे सोलापुरात सीनेकाठची गावं, शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. राज्य सरकारनं त्यासाठी जाहीर केलेलं पॅकेज ३१,६२८ कोटींचं. एका राज्याच्या एका हंगामाला लागलेला आकडा जगाच्या त्या पहिल्या हप्त्याच्या चौदापट आहे. आपण आपल्याच करातून ते भरतोय आणि तेही शेतकऱ्याला अपुरं पडतंय. म्हणून मी घाई घाई करतोय.

उलटतपासणी | दुपारी ३:०५

पूर आला की लगेच हवामानबदल! मराठवाड्यात पूर आधी येत नव्हते का? आणि दुष्काळ पडला की तोही हवामानबदल. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं तेव्हाही हेच ऐकलं. नदीपात्रात बांधकामं, ओढे बुजवलेले, धरणातून अचानक सोडलेलं पाणी, याबद्दल कुणी बोलणार नाही, कारण तिथे आपले लोक अडकतात. ब्राझीलमधल्या करारानं सीनेतलं अतिक्रमण हटणार आहे का?

आणि करारांचा इतिहास बघा. क्योटोचा हवामान करार, १९९७. बांधणाराच होता की तो! श्रीमंत देशांनी २००८ ते २०१२ मध्ये १९९० च्या तुलनेत पाचेक टक्के कपात करायची. अमेरिकन सिनेटनं तर क्योटोच्या आधीच ९५ विरुद्ध शून्य असा ठराव करून ठेवला होता की असला करार आम्हाला नको. कॅनडानं सही केली, मंजुरी दिली, उत्सर्जन वाढवलं आणि २०११ च्या डिसेंबरात बाहेर पडतो म्हणून जाहीर केलं. कुणी काय केलं त्यांचं? काही नाही. अमेरिका पॅरिसमधून एकदा गेली, परत आली, आता जानेवारीत पुन्हा जाईल. धर्मशाळा आहे ती.

नदीकाठ | दुपारी ३:२२

पहिल्यांदाच उलटतपासणींशी सहमत होतोय, कॅनडापुरता.

बाष्प | दुपारी ४:४८

उलटतपासणी साहेब, अतिक्रमणाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते बोललंच पाहिजे. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात ना. मी हवामानाच्या क्षेत्रातच काम करते म्हणून लिहिते.

एकेका पुराबद्दल 'हा हवामानबदलामुळेच' असं आम्ही म्हणत नाही. पण कल बघता येतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट कमी झाला. म्हणजे मधले दिवस कोरडे आणि मग एकदम ढगफुटीसारखं. त्यामागे अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट आहेत, समुद्र तापलाय म्हणून ते जास्त बाष्प आणतात. हवा एक अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून लातूरला रेल्वेनं पाणी आणि त्याच मराठवाड्यात माती वाहून नेणारा पूर, यात विसंगती नाहीये. आणि बुजवलेला ओढा पूर्वीचा पाऊस कसाबसा सोसायचा, आताचा सोसत नाही.

जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते आठवतंय ना? अरबी समुद्र पूर्वी वादळांच्या बाबतीत तसा शांत मानला जायचा. आता तसा मानता येत नाही.

चांदागड | संध्याकाळी ६:३०

मी चंद्रपूरचा. वडील औष्णिक केंद्रात होते, काका कोळसा खाणीत, माझं शिक्षण त्याच पैशावर झालं. उन्हाळ्यात आमच्याइथं पारा ४५ च्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, कूलर पण गरम हवा मारतो. म्हणजे तापमान काय असते ते आम्हाला कोणी सांगू नये. राख पण आम्हीच खाल्ली.

पण कोळसा बंद करा असं पुण्या-मुंबईत बसून लिहिणं सोपं आहे जी. खाण बंद झाली की काय होते? कायम कामगाराला काहीतरी भेटेल, पण ठेकेदारीवरचे, ट्रकवाले, चहाटपरी, खोल्या भाड्यानं देणारे, यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. सौर प्रकल्प उभा राहते राजस्थानात नाहीतर गुजरातेत, आमच्या पोरानं तिथं जायचं का? करार करा, जरूर करा, पण त्यात आमच्या गावाचं कलम आधी लिहा. ते नाही लिहिलं तर आमचे लोक विरोधच करतील आणि मी पण त्यांच्यासोबत उभा राहीन.

म्युनिककर | संध्याकाळी ७:०५

चांदागड दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. इथे जर्मनीत २०३८ पर्यंत कोळशाची वीज बंद करायचा कायदा झाला तेव्हा कोळशाच्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरो वेगळे काढले. रेल्वे, संशोधन संस्था, सरकारी कार्यालयं तिकडे हलवणं, वयस्कर कामगारांना लवकर निवृत्तीवेतन. तरीही लाउझिट्स भागातले लोक नाराज आहेतच. म्हणजे पैसे देऊनही हे अवघड आहे. पैसे न देता तर अशक्य.

दक्षिण आफ्रिकेला २०२१ ला ग्लासगोमध्ये श्रीमंत देशांनी यासाठीच ८.५ अब्ज डॉलर देऊ केले होते. त्यात अनुदान अगदी थोडं, बाकी बहुतेक कर्ज. कामगाराचं पुनर्वसन कर्ज काढून कसं होणार?

बेलेममध्ये एक मात्र झालं, न्याय्य संक्रमणासाठी, म्हणजे इंधन बदलताना कामगार आणि त्यांची गावं वाऱ्यावर पडू नयेत यासाठी, वेगळी यंत्रणा उभी करायचं ठरलं. अजून त्यात पैसा नाही. पण तुमचं कलम लिहायला आता निदान कागद आहे.

नदीकाठ | संध्याकाळी ७:४०

ग्लासगोच्या परिषदेत भारतावर जी टीका झाली ना, कोळशाच्या मुद्द्यावर, ती मला आजही झोंबते. आपण म्हणालो कोळसा एकदम बंद नाही, टप्प्यानं कमी करू. सगळ्या जगानं खलनायक ठरवलं. पण मसुद्यात बोट फक्त कोळशावर होतं, तेल आणि गॅस त्यात नव्हतेच, कारण ते श्रीमंतांचं इंधन. पुढच्या वर्षी इजिप्तमध्ये भारतानंच म्हटलं की सगळीच खनिज इंधनं कमी करूया, तर ते अंतिम मसुद्यात आलं नाही. दुबईत २०२३ ला कुठे पहिल्यांदा सगळ्या खनिज इंधनांपासून दूर जायचं लिहिलं गेलं. आणि आता बेलेममध्ये पुन्हा गायब.

गॅसभरणी | रात्री ८:५०

मी फ्रिज-एसी दुरुस्तीच्या धंद्यात आयुष्य काढलं, आता मुलगा बघतो. करारांचा काही उपयोग होत नाही असं वर लिहिलंय म्हणून ही पोस्ट.

पूर्वी सगळ्या फ्रिजमध्ये आर-१२ गॅस असायचा. दुरुस्तीला आला की उरलेला गॅस आम्ही सरळ हवेत सोडून द्यायचो, सगळेच सोडायचे. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच सांगितलं होतं की यानं ओझोन खलास होतो. १९८५ ला अंटार्क्टिकावर भोक सापडलं आणि १९८७ ला मॉन्ट्रियल करार झाला. दोन वर्षांत! भारत आणि चीन सुरुवातीला त्यात नव्हते, म्हणाले नवीन तंत्राचे पैसे कोण देणार. मग १९९० ला लंडनमध्ये वेगळा निधी ठरला आणि १९९२ ला भारत आत आला. आम्हाला ट्रेनिंग मिळालं, रिकव्हरी मशीनं आली, १३४-ए गॅस आला, नंतर ६००-ए. २०१० पर्यंत आर-१२ बनवणं बंद. आज ओझोन भरून येतोय, साधारण २०४० पर्यंत बहुतेक जगावर तो १९८० च्या पातळीला येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास.

पुढे कळलं की १३४-ए ओझोनला काही करत नाही पण कार्बन डायॉक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. त्यावर २०१६ ला किगालीत त्याच करारात दुरुस्ती केली आणि २०२१ ला भारतानं तीही मंजूर केली. म्हणजे करार कसा असतो, चालू राहतो, सुधारतो. कंटाळून सोडून द्यायचा नसतो.

उलटतपासणी | रात्री ९:१५

काका, उदाहरण छान आहे. पण गॅस बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आणि त्यांच्याकडे पर्याय तयार होता. कोळसा-तेलावर तर अख्खं जग चालतं. तुलना होत नाही.

तिरकीट | रात्री १०:३०

आलो. रुमालाच्या जागी आता बसतो.

उलटतपासणी, तुलना पूर्ण होत नाही हे मान्य, पण मॉन्ट्रियल का चाललं ते बघण्यासारखं आहे. गॅसभरणी काकांनी निधीचं सांगितलं. दुसरी गोष्ट म्हणजे त्यात एक कलम होतं की जो देश करारात नाही त्याच्याशी या वायूंचा व्यापार करायचा नाही. बाहेर राहणं महाग होतं. क्योटोत हे दोन्ही नव्हतं, म्हणून कॅनडा हात झटकून गेला. तेव्हा 'बांधणारा की ऐच्छिक' हा मुद्दा मला दुय्यम वाटतो. आत राहण्यात फायदा आणि बाहेर राहण्यात तोटा असला की करार टिकतो, मग त्याच्यावर शिक्का कुठलाही असू दे.

आणि पर्याय तयार नाही हे २००९ ला खरं होतं, आज नाही. भारतात सौर विजेचे लिलाव २०१० च्या सुमारास युनिटला दहा-बारा रुपयांवर जायचे. २०२० च्या डिसेंबरात गुजरातमध्ये १ रुपया ९९ पैशांची बोली आली. यंदा आपल्या देशाच्या वीजक्षमतेत निम्मा वाटा बिगर-खनिज झाला, जे पॅरिसच्या वचनात २०३० पर्यंत करायचं होतं. (क्षमता बरं का, प्रत्यक्ष निर्मितीत अजून तीन चतुर्थांशाच्या आसपास कोळसाच आहे, कारण रात्री सूर्य नसतो आणि साठवण महाग आहे. उद्या कुणी आकडा फेकला तर एवढं लक्षात ठेवा.)

पॅरिसला अगदीच निकामी म्हणणाऱ्यांसाठी: करार झाला तेव्हा शतकाच्या अखेरीला तीन ते साडेतीन अंश वाढ होईल असा अंदाज होता. यूएनईपीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या, या महिन्यातल्या अहवालात चालू धोरणांवर २.८ आणि सगळ्यांनी आपली वचनं पाळली तर २.३ ते २.५. धोका अजून प्रचंड आहे, पण करारानं दिशा वळवली.

माझ्या मते खरी अडचण प्रक्रियेत आहे. १९९५ पासून आजपर्यंत या परिषदांना मतदानाचा नियमच मंजूर करता आलेला नाही, त्यामुळे सगळं सर्वानुमते. एखाद्या तेलवाल्या देशानं मान हलवली की मसुदा पातळ. २०१० ला कानकूनमध्ये बोलिव्हिया एकटा विरोधात होता तेव्हा परिषदेच्या अध्यक्ष असलेल्या मेक्सिकोच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्याला बाजूला ठेवून निर्णय जाहीर केला होता, पण ते धाडस पुन्हा फारसं कुणी केलं नाही. म्हणून कोलंबिया आणि नेदरलँड्स एप्रिलमध्ये वेगळी परिषद घेतायत, ज्यांना इंधन सोडायचंय त्यांनीच या. मला हा मार्ग पटतो.

पाणंद | २५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

एवढ्या मोठ्या चर्चेत एका लहान देशाचं नाव राहिलं. वानुआतू. पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ ला वर्गात मांडलेली कल्पना, वानुआतू सरकारनं उचलली, राष्ट्रसंघातून आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेली आणि या वर्षी २३ जुलैला न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की हवामान वाचवणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. ते फक्त पॅरिस करारातून येत नाही, रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातूनही येतं. म्हणजे करारातून बाहेर पडलं म्हणून सुटका नाही. हा सल्ला आहे, निकाल नाही, माहितीये. पण काजूगर दादांनी काल विचारलं ना, नुकसान कुणाच्या खात्यावर, त्याचं उत्तर शोधायची वाट तिथून निघते. विद्यार्थ्यांनी केलं हे, विद्यार्थ्यांनी!

काजूगर | सकाळी ९:३५

पाणंद ताई, हे माहीत नव्हतं. वाचून बरं वाटलं. पैसे पाठवू नका आत्ता, आंबा झाला की कळवतो.

उलटतपासणी | सकाळी १०:२०

तिरकीटचा प्रक्रियेचा मुद्दा पटला. चांदागड यांचा तर त्याहून. पण मी अजूनही म्हणेन की ओढे मोकळे करा, त्याला ब्राझीलची परवानगी लागत नाही.

बाष्प | सकाळी १०:२८

त्याला आमचा सगळ्यांचा पाठिंबा. त्यावर वेगळा धागा काढा, मी आकडे देते.

रानवारा | सकाळी ११:५०

मूळ प्रश्नाकडे येतो. कालपासून वाचून माझं मत असं झालंय की भारतानं वाट बघत बसू नये, मागणी घेऊन पुढे जावं. भारताचा २०३५ साठीच्या हवामान लक्ष्याचा आकडा अजून जाहीर झालेला नाही. २०२८ ची परिषद भारतात घ्यायचा प्रस्ताव पंतप्रधानांनी दुबईतच दिलाय, आणि त्याच वर्षी सगळ्या देशांच्या कामाचा दुसरा जागतिक आढावा होणार आहे. म्हणजे यजमानपद मिळालं तर मसुदा कुठून सुरू होतो ते आपल्या हातात. तिथे लेदमशीन म्हणतात तशी कार्बनची सामाईक किंमत, जिचा पैसा ज्या त्या देशात राहील, मॉन्ट्रियलसारखा अनुदानाचा निधी, आणि चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांचं कलम, एवढं आपण मांडलं तर 'आधी तुम्ही' म्हणत बसण्यापेक्षा ते जास्त वजनदार होईल. नदीकाठ, तुमची पैशाची अट त्यात पूर्ण येते, मी ती सोडत नाहीये.

आपल्या खासदारांना पत्र लिहूया का? प्रत्येकानं आपापल्या मतदारसंघातलं लिहायचं, ऐकीव नको, स्वतःच्या कामातलं.

चांदागड | दुपारी १२:४०

मी लिहितो. पण माझ्या पत्रात कोळसा बंद करा असं नसेल, बंद करायच्या आधी काय काय करा ते असेल. चालेल का?

रानवारा | दुपारी १२:४४

तेच हवंय.

नदीकाठ | दुपारी १:१०

मी पैशाच्या वचनांचा तक्ता करून देतो, कोपनहेगनपासूनचा, कधी काय म्हटलं आणि कधी काय दिलं. सहीबद्दल माझं मत तेच आहे, पण मागणीपत्रावर माझं नाव घाला.

लेदमशीन | दुपारी १:५५

सीबॅमच्या तक्त्याचा नमुना मी टाकतो, गिऱ्हाईकाचं नाव काढून. आमच्या औद्योगिक वसाहतीत अजून निम्म्या लोकांना हे काय आहे तेच ठाऊक नाही आणि जानेवारीला महिना राहिलाय. पत्राचा मसुदा रविवारपर्यंत इथेच टाका म्हणजे आमच्या संघटनेच्या बैठकीत वाचून दाखवता येईल.